‘कीचकवध’ आणि आजचा वाचक

नाटक प्रेक्षकांसाठीं लिहिलेलें असतें. प्रयोग थांबले म्हणजे तें वाचकाच्या हातीं येतें. या स्थित्यंतरांत त्याचें काय होतें, हें कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या ‘कीचकवधा’वरून चांगलें समजतें.

१९०७ सालीं रंगभूमीवर आलेल्या या नाटकावर १९१० सालीं सरकारनें बंदी घातली. नाटकांत लॉर्ड कर्झन यांचें नांव कोठेंहि नाहीं. ते तर १९०५ सालींच हिंदुस्थान सोडून गेले होते. तथापि कीचक म्हणजे कर्झन, सैरंध्री म्हणजे परतंत्र भारतभूमि, कंकभट म्हणजे नेमस्त व बल्लव म्हणजे जहाल, असा अर्थ प्रेक्षकांनीं लावला आणि सरकारनेंहि तोच मान्य केला. एखाद्या ग्रंथाच्या अर्थाविषयीं राजा व प्रजा यांचें असें एकमत क्वचितच झालें असेल!

आजच्या वाचकास हा अर्थ पहिलें पान उलटण्यापूर्वींच ठाऊक असतो, आणि आमचा आक्षेप येथेंच आहे. प्रत्येक पात्रापुढें तो एकेक नांव लिहितो व नाटक समजलें असें मानतो. यांत सर्वांत मोठा अन्याय कंकभटावर होतो. विराटपर्वांतील युधिष्ठिर भित्रा नाहीं. अज्ञातवासांत ओळख पटल्यास पुन्हां बारा वर्षें वनवास, या द्यूतांतील अटीनें तो बांधलेला आहे. पत्नीची विटंबना डोळ्यांदेखत होत असतां वचन पाळावें कीं मोडावें, हा त्याच्यापुढील पेंच खरा आहे. त्यास केवळ ‘नेमस्त’ ठरविलें कीं हा पेंच नाहींसा होतो, आणि त्याबरोबर नाट्यहि.

खाडिलकर हे टिळकांचे ‘केसरी’ंतील सहकारी. त्यांचा कल भीमाकडे होता, हें आम्हांस मान्य आहे. परंतु भीमाचा क्रोध ज्यास ओलांडून जातो, तो संयम पोकळ असेल तर त्या क्रोधाचें मोल तें काय राहिलें? त्याच वर्षीं डिसेंबरांत राष्ट्रसभा सुरतेस दुभंगली. तो वाद शूर व भ्याड यांचा होता, असें समजणाऱ्यास नाटकहि कळलें नाहीं व इतिहासहि.

मग रूपक विसरावें काय? तसें केल्यास १९१० ची बंदीच अनाकलनीय होईल. आमचें म्हणणें क्रमापुरतें आहे. हें नाटक प्रथम विराटनगरींतील कथा म्हणून वाचावें, आणि मग १९०७ सालच्या महाराष्ट्रांत नेऊन पुन्हां वाचावें. क्रम उलटल्यास हातीं एक जुनें सरकारी प्रकरण तेवढें उरतें.