व्यंगचित्राची मूळ प्रत

वृत्तपत्रांतील राजकीय व्यंगचित्रांचीं मूळ रेखाटनें जमविणारे पुष्कळ आहेत. पोथीसंग्राहकाची दृष्टि मात्र त्यांपैकीं थोड्यांस साधली आहे. डेव्हिड लो यांचें 'राँदेव्हू' हें चित्र २० सप्टेंबर १९३९ रोजीं लंडनच्या 'ईव्हनिंग स्टँडर्ड'मध्यें आलें. पोलंडच्या प्रेतावर हिटलर व स्टालिन एकमेकांस लवून वंदन करितात, हें छापील नकलेवरूनहि कळतें. पण चित्रकाराचा हात कोठें अडला, हें मूळ कागदावांचून कळावयाचें नाहीं. पोथी लिहिणारे चुकलेलें अक्षर हरताळ लावून बुजवीत, तसे हे लोक चुकलेली रेघ पांढऱ्या रंगानें बुजवीत. निळ्या पेन्सिलीच्या खुणा ठसा करणाऱ्या कॅमेऱ्यास दिसत नसत, म्हणून त्या खोडण्याचें कारण नसे. चित्र किती रकान्यांत बसवावें, ही सूचना बहुधा समासांत असते. आणि चौकटींत शोभावें म्हणून नेमका तोच समास कापतात! पुष्पिका फाडून पोथी जपण्यासारखेंच हें झालें. कँटरबरी येथें केंट विद्यापीठानें १९७३ पासून असा संग्रह जपला आहे, तो या हौशी मंडळींनीं अभ्यासावा. असें एक कापलेलें चित्र आम्हांकडे आलें होतें. त्याची तारीख ठरविण्यास जुन्या अंकांच्या संचिका चाळण्यांत आमचे तीन आठवडे गेले.