खाणपट्ट्याच्या ताब्याचे वाद आणि न्यायालयीन मनाई हुकूम : गोव्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना :
दाव्याचा अंतिम निकाल लागेपर्यंत वादातील मालमत्ता सुरक्षित राहावी, हा अंतरिम मनाई हुकुमाचा हेतू असतो. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या आदेश ३९ खाली असा हुकूम देताना न्यायालये प्रथमदर्शनी बाजू, सोयीचा समतोल आणि भरून न येणारे नुकसान हे तीन निकष पाहतात. शेतजमिनीच्या वादात ताबेदाराने एक-दोन हंगाम पीक घेतले तरी जमीन जागेवरच राहते. खाणीचे तसे नाही. तेथे ताब्याचा उपभोग म्हणजेच मालमत्तेचा क्षय होय. त्यामुळे केवळ 'ताबा जैसे थे' ठेवणारा आदेश खाणीच्या बाबतीत अपुरा ठरतो, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

गोव्याचा अनुभव :
पोर्तुगीज राजवटीत दिल्या गेलेल्या मुदतविरहित खाण-सवलती १९८७ च्या कायद्याने रद्द झाल्या व त्यांचे रूपांतर खाणपट्ट्यांत झाले. या पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजी संपली असून त्यानंतरचे उत्खनन बेकायदेशीर होते, असे सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ च्या निकालात ठरविले. मात्र खाणकाम थांबविणारा न्यायालयाचा अंतरिम आदेश ५ ऑक्टोबर २०१२ चा होता. तो दिवाणी दाव्यातील नसून जनहित याचिकेतील होता. तरीही त्यातून उद्भवणारा प्रश्न तोच आहे. मधल्या सुमारे पाच वर्षांत निर्यात झालेले लोहखनिज कोणताही निकाल परत आणू शकत नाही.

पुढे राज्य शासनाने ८८ पट्ट्यांचे पुन्हा नूतनीकरण केले. ते ७ फेब्रुवारी २०१८ रोजी रद्द झाले. तथापि पट्टाधारकांना जागा सोडण्याचे आदेश मे २०२२ मध्ये निघाले आणि उच्च न्यायालयाने ते त्याच वर्षी वैध ठरविले. हक्क संपल्यावरही ताबा कसा टिकून राहतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

मूल्यमापन :
सरसकट बंदीमुळे ट्रकमालक, बार्जमालक व मजूर यांची उपजीविका बुडते, हा आक्षेप रास्त आहे. परंतु त्यावरील उपाय उत्खनन निर्वेध चालू ठेवणे हा नव्हे. २०१४ च्या निकालात उत्खननावर वार्षिक २ कोटी टनांची मर्यादा घालण्यात आली, तसेच काढून ठेवलेल्या खनिजाच्या ई-लिलावाची व्यवस्था कायम ठेवण्यात आली. हा मार्ग अधिक समतोल वाटतो. दिवाणी न्यायालयांनाही यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. आदेश २६ खाली कमिशनर नेमणे, आदेश ३९ नियम ७ खाली पाहणी व जतन आणि आदेश ४० खाली रिसीव्हर नेमणे ही साधने उपलब्ध आहेतच.

निष्कर्ष :
खाणीच्या वादात मनाई हुकूम देताना वा नाकारताना न्यायालयाने प्रथम खड्ड्याची व साठ्याची मोजणी करवून घ्यावी आणि उत्खननास मुभा दिल्यास विक्रीची रक्कम न्यायालयात जमा करण्याची अट घालावी. नीरा-भीमेच्या काठी वाळूचे वाद पाहणाऱ्यांना याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. ताबा कोणाचा, हे निकालानंतरही ठरविता येते. उपसून नेलेले खनिज मात्र निकालाची वाट पाहत नाही.