ऑरवेलचा चहा, ओकाकुराचा चहा आणि बर्फ

चहा कसा करावा याबद्दल जॉर्ज ऑरवेलचा एक छोटासा लेख आहे, ‘अ नाइस कप ऑफ टी’. १२ जानेवारी १९४६ च्या ‘इव्हनिंग स्टँडर्ड’मध्ये तो छापून आला. चहादाणी आधी गरम करून घ्या, पत्ती जाळीत किंवा पिशवीत कोंडू नका, कप उभट घ्या, दुधावरची साय काढून टाका, कपात आधी चहा ओता आणि मग दूध. असे एकूण ११ नियम. शेवटचा नियम साखर न घालण्याचा. मला हा लेख दरवर्षी कुणी ना कुणी फॉरवर्ड करतंच, आणि सोबत एक हसरा इमोजी असतो. ‘१९८४’ लिहिणारा गंभीर माणूस चहावरून इतका भांडतो, याची गंमत सगळ्यांना वाटते.

गंमत आहेच. पण त्या लेखातली मला सर्वांत आवडणारी जागा वेगळी आहे. युद्ध संपलं होतं, तरी ब्रिटनमध्ये चहाचं रेशनिंग चालूच होतं. माणशी आठवड्याला २ औंस, म्हणजे साधारण ५७ ग्रॅम. सगळे नियम सांगून झाल्यावर ऑरवेल हळूच हिशेब मांडतो, की नीट वापरली तर एवढ्या पत्तीत २० कडक कप निघायला हवेत. तिथे लक्षात येतं की ही निव्वळ खवय्येगिरी नाही. मोजकं हाताशी असताना ते वाया जाऊ नये, म्हणून चाललेला काटेकोरपणा आहे. महिनाअखेरीला डब्यातली पूड चमच्याने खरवडणाऱ्या माणसाला हे नियम लगेच कळतील.

आता त्याच लेखाची सुरुवात बघा. चहा हा आपल्या देशातल्या संस्कृतीचा एक आधारस्तंभ आहे, तसाच तो आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्येही आहे, असं ऑरवेल म्हणतो. लगेच पुढे पहिला नियम येतो: पत्ती भारताची किंवा सिलोनची हवी. चिनी चहा स्वस्त पडतो, बिनदुधाचा पिता येतो, पण त्याने माणसाला हुशारी येत नाही, हे त्याचं मत. म्हणजे पत्ती भारताची, पण चहा पिणाऱ्या संस्कृतींच्या यादीत भारत नाही. चीन पत्तीतही नाही आणि यादीतही नाही.

दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मी हे सोडून दिलं असतं. पण ऑरवेलचा जन्म १९०३ साली बिहारमधल्या मोतिहारीचा. वडील रिचर्ड ब्लेअर सरकारच्या अफू खात्यात नोकरीला. अठराव्या शतकात इंग्रजांना चिनी चहाची चटक लागली, बदल्यात चीनला चांदी मोजावी लागे, आणि ती चांदी वाचवायला बंगाल-बिहारातली अफू चीनमध्ये घुसवली गेली. १८३९ साली त्यावरून युद्धही झालं. पुढे आसाम आणि सिलोनचे मळे बहरले, तसा इंग्रजांच्या कपातून चिनी चहा मागे पडला. अफूचा सरकारी धंदा मात्र ऑरवेलच्या जन्मानंतरही काही वर्षं चालू होता. ‘शूटिंग अ‍ॅन एलिफंट’मध्ये साम्राज्याची आतली सडकी बाजू उघडी करणारा हा लेखक चहाच्या कपाशी आला की एकदम ‘आपला देश’ म्हणतो आणि सुखावतो. त्याच्यावर ढोंगीपणाचा आरोप मी करणार नाही. एका वर्तमानपत्री लेखात सगळा इतिहास कोंबायचा नसतो, हे मलाही कळतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की चहावर राष्ट्राच्या नावाने लिहायला बसलेला माणूस पंगतीतून कुणाला तरी उठवतोच. ऑरवेलसारखा सावध माणूसही त्यातून सुटला नाही.

दुसरं पुस्तक घेऊ. ओकाकुरा काकुझोचं ‘द बुक ऑफ टी’, १९०६. ओकाकुरा जपानी, पण हे पुस्तक त्याने इंग्रजीत लिहिलं, कारण वाचक अमेरिकन हवे होते. त्याआधी तो कोलकात्यात राहून गेला होता, विवेकानंदांना आणि ठाकूर कुटुंबाला ओळखत होता. जपान शांतपणे आपल्या कला जोपासत होता तोवर पाश्चात्त्य त्याला रानटी म्हणत होते, आणि मांचुरियात कत्तली करू लागल्यावर त्याला सुसंस्कृत म्हणू लागले, असा एक जबरदस्त टोला त्याने सुरुवातीलाच हाणलाय.

चहाच्या इतिहासाबाबत ओकाकुरा ऑरवेलपेक्षा कितीतरी मोकळा आहे. चहाचे त्याने तीन काळ पाडलेत: तांग काळात वडीचा चहा उकळत, सुंग काळात पूड घुसळत, मिंग काळात पानं गरम पाण्यात मुरवत. प्रत्येक काळाला आपलीच रीत खरी वाटे. इंग्रज ज्याला ‘चहा’ म्हणतात ती यांतली शेवटची रीत, आणि त्यांना ती एकमेव वाटते, कारण पोचेपर्यंत त्यांना उशीर झाला होता. उकळण्याच्या जुन्या रीतीत काय काय पडे, याची ओकाकुराने दिलेली यादी वाचताना मी मोबाइल खाली ठेवला. तांदूळ, आलं, मीठ, संत्र्याची साल, मसाले, दूध, कधीकधी कांदासुद्धा. कांदा आणि तांदूळ सोडा, बाकी आपल्या ओळखीचंच. ओकाकुराच्या हिशेबाने पुण्यातला अमृततुल्य चहा चहाच्या सर्वांत पुरातन घराण्यातला ठरतो.

यावर एखादं रील करायच्या आधी थांबा. तसा धागा इथे जोडता येत नाही. आपल्याकडचा आल्याचा उकळलेला चहा तांगांकडून आलेला नाही. पत्ती इंग्रजांच्या मळ्यांतून आली, आलं-वेलदोडे आपल्या काढ्यांतून आले, आणि ज्यांना आपण ‘अस्सल पुणेरी’ म्हणतो त्या अमृततुल्यांपैकी कितीतरी राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी चालवली. पण हे नोंदवल्याशिवाय तो चहा ‘आपला’ म्हणून मिरवणं म्हणजे ऑरवेलची यादी पुन्हा लिहिणं आहे.

ओकाकुराचीही यादी आहेच. मंगोलांच्या स्वाऱ्यांनंतर चीनने चहाचं मर्म गमावलं, असं तो मांडतो; आता चिन्यांना चहा हे फक्त चवदार पेय आहे आणि त्यातला ध्यास जपला तो जपानने. ज्या देशाकडून पान, भांडी, शब्द आणि विधी घेतले, त्याला तीनचार वाक्यांत वारसाहक्कातून बाद केलं. वाक्यं सुंदर आहेत. म्हणूनच ती जास्त सावधपणे वाचायला हवीत.

या दोन्ही पुस्तकांत बर्फाला थारा नाही. गार चहाला ऑरवेलही लाभला नाही आणि ओकाकुराही. त्याला लाभली पाककृती. मॅरियन कॅबेल टायरी या बाईंनी व्हर्जिनियातल्या गृहिणींकडून कृती गोळा करून ‘हाउसकीपिंग इन ओल्ड व्हर्जिनिया’ हे पुस्तक केलं. त्याच्या १८७९ च्या आवृत्तीत बर्फाच्या चहाची कृती आहे. संध्याकाळी प्यायचा असेल तर सकाळच्या न्याहारीलाच हिरवा चहा करून ठेवा, दुपारी न ढवळता गाळा, संध्याकाळी पेल्यात बर्फ भरा, प्रत्येकी दोन चमचे साखर घाला, वरून चहा ओता, लिंबू पिळा. आणि या कृतीची सुरुवात कशाने होते? चहादाणी उकळत्या पाण्याने गरम करून घेण्याने! ऑरवेलच्या ६७ वर्षं आधी, त्याला जो चहा वाटलाच नसता त्या चहासाठी, त्याचाच नियम. (ऑरवेल म्हणेल की पाण्याने नको, शेगडीवर ठेवून गरम करा. म्हणू दे.)

तरी अमेरिकेत बर्फाच्या चहाची जन्मकथा म्हणून सांगतात ती १९०४ सालच्या सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनाची. रिचर्ड ब्लेचिंडेन नावाचे गृहस्थ तिथे भारतीय चहाचा प्रचार करत होते. उकाडा असह्य, गरम चहाला कुणी हात लावेना, म्हणून त्यांनी त्यात बर्फ टाकला आणि झुंबड उडाली. टायरीबाईंची कृती २५ वर्षं जुनी, त्यामुळे शोधाची गोष्ट खोटीच. पण या दंतकथेतला माणूस भारतीय चहाचा विक्रेता असावा, हे मला महत्त्वाचं वाटतं. १९०३ साली भारतात कायदा करून निर्यात होणाऱ्या चहावर सेस बसवला गेला, आणि तो पैसा चहाच्या प्रचारावर खर्च होऊ लागला. पुढे त्याच सेसच्या पैशातून भारतातही चहा पाजायला सुरुवात झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळापासून गिरण्या, कारखाने, खाणी यांत चहाची दुकानं निघाली. मग स्टेशनांवर चहा करण्याची ‘योग्य’ पद्धत सांगणाऱ्या पाट्या लागल्या. योग्य म्हणजे अर्थातच इंग्रजी: ताजं उकळतं पाणी, मुरवलेली पत्ती, दूध-साखर वेगळी.

दोन्ही देशांनी प्रचारकांना हवी होती ती पत्ती घेतली आणि त्यांची पद्धत केराच्या टोपलीत टाकली. इथल्या चहावाल्यांनी पत्ती कमी आणि दूध-साखर-मसाला जास्त केला, कारण पत्ती महाग होती. प्रचारक त्यावर नाराज असत. मग १९३० च्या दशकात आसामात सीटीसी यंत्र आलं. पान चिरडून, फाडून, वळवून त्याचे दाणे करणारं. या दाण्यांचा अर्क चटकन उतरतो, गडद उतरतो आणि किलोमागे कप जास्त निघतात. स्वातंत्र्यानंतर ही पत्ती देशभर पसरली. दुधाला पुरून उरणारा आपला ‘कडक’ चहा हा या यंत्राचा स्वाद आहे.

बर्फ आपल्याकडे नव्हता असंही नाही. १८३० च्या दशकातच बॉस्टनकडच्या तळ्यांतला बर्फ जहाजांनी कोलकात्याला आणि मुंबईला येऊ लागला होता. पण तो साहेबांच्या आणि शेठजींच्या टेबलावर. चहा पोचला तो गिरणीच्या दारात, तिथे बर्फ परवडणार कुणाला? शिवाय पाण्याचा भरवसा नसलेल्या शहरात उकळलेलं पेय बरं. उन्हाळ्यात ४० अंशांत आपण वाफाळता चहा पितो, त्याचं कारण राष्ट्रीय स्वभावात शोधायच्या आधी मी या गोष्टींत शोधेन.

भाषेत मात्र हे सगळं मुरून गेलंय. मराठीत ‘गार चहा’ हा पदार्थ नाही, ती तक्रार आहे. ‘चहा गार होतोय’ म्हणजे लवकर या. गार झालेला चहा म्हणजे कुणीतरी वाट बघत राहिलं, किंवा पाहुण्याची कदर झाली नाही. म्हणूनच फर्ग्युसन रस्त्यावरच्या कॅफेत तो ‘आइस टी’ या नावानेच मिळतो. कुणी मेनूवर ‘थंडगार चहा’ लिहून बघावं. माझी मावसबहीण अ‍ॅटलांटात राहते. तिथे हॉटेलात नुसता ‘टी’ मागितला की गोड, बर्फाचा येतो, गरम हवा असेल तर ‘हॉट टी’ असं मुद्दाम सांगावं लागतं. मावशी तिच्याकडे गेली तेव्हा बहिणीने घरी आलेल्या मैत्रिणींना तोच चहा दिला. मावशी मला फोनवर म्हणाली, “अगं, गार चहा पाहुण्यांना दिला हिने. आणि त्या बायका चक्क दुसऱ्यांदा मागून प्यायल्या!”

गार-गरमचे अर्थ भाषेगणिक कसे बदलतात याचा एक नमुना कँटनकडे आहे. तिथे ‘लिआंगचा’ म्हणजे शब्दशः ‘थंड चहा’, पण तो पुष्कळदा गरमच पितात. त्यात औषधी वनस्पती असतात, आणि थंड असतो तो गुण. ‘चहा उष्ण पडतो’ म्हणणाऱ्या आपल्या आजीला हे समजावून सांगावं लागणार नाही. आणि ओकाकुराच्या जपानात १९८५ पासून हिरवा चहा डब्यातून विकला जाऊ लागला, मग प्लॅस्टिकच्या बाटलीत आला. आज रस्तोरस्तीच्या यंत्रांतून तो गारेगार, बिनसाखरेचा मिळतो. चहागृहात वाकून शिरणं, एकेक हालचाल मोजून करणं यावर ओकाकुराने पानंच्या पानं लिहिली. नाणं टाकून बाटली उचलणाऱ्या माणसावर त्याने काय लिहिलं असतं, हे वाचायला मला आवडलं असतं. कदाचित त्याने चौथा काळ पाडला असता.

२००३ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या विधानसभेत एक विधेयक आलं: बर्फाचा चहा देणाऱ्या हॉटेलांनी गोड चहाही ठेवलाच पाहिजे. एप्रिल फूलची थट्टा होती, पण दक्षिणेत ती लगेच कळली, कारण उत्तरेकडचे लोक चहा बिनसाखरेचा पितात आणि दक्षिणेकडचे त्यावरून त्यांना हसतात. ऑरवेलचा अकरावा नियम लावला तर जॉर्जियातला उंच काचेचा पेला आणि सदाशिव पेठेतला पितळी भांड्यातून ओतलेला कप, दोन्ही एकदमच नापास होतात. मावशी आणि बहीण दोघींचंही ऑरवेलपुढे काही चालायचं नाही. मावशी तर चहात तीन चमचे घालते.