उच्चारांचे दोन ध्वनिसंग्रह

नोकरी, मुलाखत, परदेशगमन या निमित्ताने इंग्रजी उच्चार सुधारण्याची निकड आपल्या अनेक कुटुंबांना भासते. त्यासाठी इंटरनेटवर असलेल्या दोन ध्वनिसंग्रहांचा येथे विचार करीत आहोत.

अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाचा ‘स्पीच ॲक्सेंट अर्काइव्ह’ प्रा. स्टीव्हन वाइनबर्गर यांनी १९९९ मध्ये सुरू केला. त्यात देशोदेशींचे लोक ६९ शब्दांचा एकच परिच्छेद वाचतात. स्टेला नावाच्या स्त्रीने दुकानातून कोणते जिन्नस आणावेत, एवढाच त्याचा विषय! वाङ्मय म्हणून तो नीरस आहे. परंतु इंग्रजीतील जवळजवळ सर्व ध्वनी त्यात येतात. मराठी माणसाच्या मुखी ‘थिंग्ज’मधला घर्षक ध्वनी सहसा आपला ‘थ’ होतो, ‘स्टेला’तला ‘ट’ मूर्धन्य होतो. असे फरक हा संग्रह दोष म्हणून मांडीत नाही. लंडनचा वक्ता आणि आशियातील वक्ता यांना तो एकाच पंक्तीस बसवितो. ही समदृष्टी आम्हांस मोलाची वाटते. उणीव अशी की, वाचन म्हणजे बोलणे नव्हे.

ती उणीव पॉल मायर यांनी १९९८ मध्ये स्थापन केलेला ‘इंटरनॅशनल डायलेक्ट्स ऑफ इंग्लिश अर्काइव्ह’ बऱ्याच अंशी भरून काढतो. नटांना उपयोगी पडावा या हेतूने तो घडला. येथे नेमलेल्या उताऱ्यानंतर वक्ता स्वतःविषयी मोकळेपणी बोलतो आणि भाषेची खरी लय कानी पडते. तथापि एका वक्त्यावरून साऱ्या प्रांताची बोली ठरविणे धोक्याचे आहे. शिवाय दोन्ही संग्रह नमुने देतात. आपली चूक दाखवून देणारा शिक्षक निराळाच हवा.

उच्चारावरून माणसाची पारख करण्याची खोड जुनी आहे. शास्ते या ग्रंथात ‘शिब्बोलेथ’ हा शब्द नीट न उच्चारणाऱ्यांचा यार्देनेच्या उतारावर वध झाला. त्या संहारात ४२,००० एफ्राईमी पडले. प्रधान याजकाच्या अंगणात संत पेत्राची ओळख त्याच्या बोलीनेच उघड केली. पुढे पेंटेकॉस्टच्या दिवशी प्रत्येकास आपापल्या भाषेत संदेश ऐकू आला, तरी बोलणारे गालीली आहेत हे लोकांनी ओळखलेच. पवित्र आत्म्याने त्यांचे गालीलीपण पुसले नाही.

मुलांनी हे संग्रह अवश्य ऐकावेत आणि आपले इंग्रजी समोरच्यास सुबोध करावे. मात्र त्यापायी वसईतल्या एखाद्या नातवास आजीच्या सामवेदी वा वाडवळी बोलीची लाज वाटू लागली, तर त्या शिक्षणाचा हिशेब पालकांनी पुन्हा तपासून पाहावा.