गणेशखिंडचा बंगला आणि आपली नजर

कल्याणच्या आमच्या अभ्यासवर्गात परवा एक जुने पोस्टकार्ड हातोहात फिरले. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातले. त्यावर पुण्याच्या गणेशखिंडीतील गव्हर्नरच्या बंगल्याचा फोटो. उंच मनोरा, दगडी कमानी, पुढे राखलेली बाग. माणूस एकही नाही. "काय वैभव होते!" एक विद्यार्थी म्हणाला. मला या उद्गाराचीच चिकित्सा करावयाची आहे.

छायाचित्र खोटे बोलत नाही, असा समज आहे. परंतु काय दाखवावयाचे नाही, हेही तेच ठरवते. बार्टल फ्रियर गव्हर्नर असताना, १८६४ च्या सुमारास, हे बांधकाम निघाले. अमेरिकेतील यादवीमुळे मुंबईच्या कापसाला तेव्हा सोन्याचा भाव होता. १८६५ मध्ये ती तेजी कोसळली. बांधकाम मात्र चालूच राहिले आणि १८७१ मध्ये पुरे झाले. वास्तुशिल्पी जेम्स ट्रबशॉ, अशी नोंद आहे. दगड फोडणाऱ्यांची, चुना मळणाऱ्यांची, पाट्या वाहणाऱ्या बायांची नावे कोणी नोंदली? फोटोतले अंगण लख्ख आहे, म्हणजे ते कोणीतरी झाडले आहे. तो झाडणारा चौकटीबाहेर आहे.

जोतीराव फुले यांनी सरकारी बांधकामांची कंत्राटे घेतली होती. इंजिनियर खात्यात कष्टकऱ्यांची लूट कशी चालते, हे त्यांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'त मांडले, ते ऐकीव माहितीवर नव्हे. हा फोटो पाहताना ते पुस्तक शेजारी उघडे असावे, असे माझे मत आहे.

आता १८९७ साल घ्या. प्लेगने आजारी पडलेल्या महार मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन दवाखान्यात पोचवले. त्याच साथीत १० मार्चला त्या गेल्या. २२ जूनला याच बंगल्यात व्हिक्टोरिया राणीच्या राज्याचा हीरक महोत्सव झाला आणि तेथून परतताना रँडवर गोळी झाडली गेली. ती गोळी इतिहासात ठळक झाली. पाठीवरचे ते मूल मात्र कित्येक वर्षे समासातच राहिले. हाही चौकटीचाच प्रश्न आहे.

१९४९ मध्ये या वास्तूत विद्यापीठ आले आणि २०१४ मध्ये त्याला सावित्रीबाईंचे नाव मिळाले. नावाचे मोल आपल्याला कोणी शिकवू नये. मराठवाड्यातील नामांतरासाठी १९७८ ते १९९४ आपल्या माणसांनी प्राण दिले, घरेदारे गमावली. पण पाटी बदलली म्हणजे नजर बदलली असे होत नाही.

आमच्या वस्तीतील एक मुलगी तेथे एम. ए. करते. तिने त्याच इमारतीसमोरचा आपला फोटो पाठवला. मनोरा पुरा दिसावा म्हणून ती कडेला सरकून उभी आहे. मी तिला कळवले, "बाई, मनोरा अर्धा तुटला तरी चालेल. तू मध्ये उभी राहा."