पेर आणि सांधा

सायकल घेताना माणूस आधी रंग बघतो, मग गिअर, मग ब्रेक. फ्रेमकडे नजर शेवटी जाते, बहुतेकदा जातच नाही. बांबूची फ्रेम ही सवय मोडते. तिच्यापुढे उभं राहिलं की बाकीची सायकल दिसेनाशी होते आणि काठी, तिची पेरं, काठ्यांचे जाड सांधे एवढंच डोळ्यांत भरतं. पुण्यात हवाई दलातून निवृत्त झालेले शशिशेखर पाठक अशा सायकली हाताने घडवतात, 'बांबूची' या नावाने त्या ओळखल्या जातात. कल्पना मुळात जुनी. 1894 साली इंग्लंडमध्ये बांबूच्या सायकली बनवून विकल्या जात होत्या. पोलादी नळ्यांपुढे त्या मागे पडल्या, आणि 1995च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या क्रेग कॅल्फी या फ्रेम बांधणाऱ्या कारागिराने बांबू पुन्हा हातात घेतला. घराच्या पडवीत, करवत-कानस आणि रेझिनचे दोन डबे एवढ्यावर बांधता येणारी सायकलची फ्रेम म्हटली तर ती हीच. लोखंडाला झाळकाम लागतं. इथे हात आणि सबुरी पुरतात.

मी हे धाराशिव जिल्हा डोळ्यांसमोर ठेवून लिहितो आहे, कारण कच्चा माल इथे बांधावर उभा आहे. कळंब तालुक्यातल्या निपाणीचे राजशेखर पाटील यांनी शेताभोवती कुंपण म्हणून बांबू लावला आणि पुढे त्याचीच शेती केली. दुष्काळी म्हणून नाव पडलेल्या या जिल्ह्यात त्यांची ओळख आज बांबूमुळे आहे. कमी पावसात तग धरणारा मानवेल इथल्या मातीला मानवतो. तो जवळजवळ भरीव, पोकळी कमी, म्हणून लाठ्या-काठ्यांना पूर्वापार तोच लागतो. बुरुडांच्या हाताखाली बांबूच्या टोपल्या, सुपं, कणग्या झाल्या. त्याची सायकल होणं ही त्याच कामाची पुढची पायरी आहे, असं मला मनापासून वाटतं.

आता फ्रेमच वाचू. पहिली गोष्ट काठीची निवड. तीन वर्षांच्या आतला बांबू कोवळा, तो वाळताना आकसतो आणि उभा चिरतो. पावसाळा सरल्यावर तोडलेल्या काठीत पिष्ट कमी असतं, म्हणून कीडही कमी लागते. मग सावलीत महिनोन्महिने वाळवण, आणि शेवटी गॅसच्या ज्योतीवर शेकणं. शेकताना सालीवर बारीक थेंब फुटतात, ते फडक्याने पुसत पुढे सरकावं लागतं. हिरवट पिवळा रंग हळूहळू मधासारखा होत जातो. ज्योत एका जागी क्षणभर जास्त थांबली की तिथे करपट डाग पडतो, आणि तो डाग त्या फ्रेमवर जन्मभर राहतो. चांगल्या फ्रेमवर हा रंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड उतरलेला दिसतो. तो बघूनच बांधणाऱ्याचा हात कळतो.

दुसरी गोष्ट पेरांची मांडणी, आणि माझ्या मते या कामातली खरी रचना इथेच आहे. कारखान्यातली नळी कुठेही कापा, सारखीच. बांबूत प्रत्येक पेराशी आत एक आडवा पडदा असतो. बारीक भिंतीची नळी दबून वाकू नये, याची सोय झाडाने स्वतःच केलेली आहे. जाणता माणूस काठी अशी कापतो की एक पेर सांध्याच्या अगदी जवळ येईल. तिथे काठी चिरायला धजत नाही आणि सांध्यावर गुंडाळलेल्या धाग्याला पेराच्या फुगवट्यावर पकड मिळते. शिवाय मधल्या दांडीवरची आणि खालच्या दांडीवरची पेरं एकमेकांशी कशी बोलतात, तेही त्याला बघायचं असतं. दोन्ही एका रेषेत आली तर फ्रेम शिस्तीची वाटते, एकाआड एक आली तर चालती वाटते. मला एकाआड एक मांडणी जास्त भावते.

माणूस सीटवर बसला की मधली दांडी दाबली जाते आणि खालची ताणली जाते. लहानपणी मधल्या दांडीखालून पाय घालून जुनी काळी लोखंडी सायकल शिकलेल्यांना ती दांडी नुसती अडचण वाटलेली असते. खरं तर ओझ्याचा मोठा वाटा त्या दोन दांड्या उचलत असतात. बांबूचे धागे सालीजवळ दाट आणि आत विरळ असतात, ताकद सालीपाशी. म्हणून फ्रेम गुळगुळीत करायच्या नादात साल घासून काढणाऱ्याने तिचं बळच काढून घेतलेलं असतं. सालीला हात न लावता ती नुसती वॉर्निशने बंद करणं, हा संयम वाचता आला पाहिजे.

आता सांधा. दोन काठ्या जिथे भेटतात तिथे एकीचं टोक दुसरीच्या गोलाईवर बेतून माशाच्या तोंडासारखं कोरलेलं असतं. ही कोरणी धागा गुंडाळल्यावर कुणालाच दिसणार नाही, तरी उजेड आरपार दिसणार नाही इतकी घट्ट बसेपर्यंत ती कानसत राहावी लागते. वर रेझिनमध्ये भिजवलेल्या तागाचे पेड गुंडाळायचे, तिरके, मग उलट तिरके, कारण ताण एका दिशेने येत नाही. धाराशिवच्या उन्हाळ्यात कालवलेलं रेझिन वाटीतच तापून घट्ट व्हायला लागतं, तेव्हा थोडं थोडं कालवावं आणि शक्यतो भल्या पहाटे. शेवटी जुन्या ट्यूबची पट्टी ताणून वरून आवळायची. जादा रेझिन तिच्या टोचलेल्या भोकांतून बाहेर येतं. वाळल्यावर ती पट्टी सोलली की धाग्यांची वीण दिसते. काळ्या सायकलीचा पितळेने झाळलेला सांधा रंगाखाली लपतो, इथे तो उघडा राहतो. काही जण वर काळा रंग मारून तो झाकतात. मला ते पटत नाही.

सगळ्यांत अवघड जागा पायडलच्या आसाची. एका लोखंडी नळकांड्यावर खालची दांडी, सीटची दांडी आणि मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दोन बारीक काठ्या अशा चौघी येऊन मिळतात. नेहमीचं नळकांडं 68 मिलिमीटर रुंद असतं, आणि त्याचे चेनकडचे आटे उलटे असतात. ते घाईत उलटसुलट बसवलं तर सगळी फ्रेम वाळल्यावर चूक कळते. शिवाय पायडल मारताना प्रत्येक पावलागणिक ही जागा पिळली जाते. म्हणून इथला सांधा सर्वांत जाड, आणि त्याचा बेढबपणा सावरणं हीच बांधणाऱ्याची कसोटी. चांगल्या फ्रेममध्ये ती जाडी काठीपर्यंत उतरत जाते आणि कुठे संपली ते बोटाला कळत नाही.

एक उणीव सांगितलीच पाहिजे. पुढच्या चाकाला धरणारा चिमटा बहुतेक जण बांबूचा करत नाहीत, पोलादी नाहीतर कार्बनचा आणून लावतात. शुद्धतेचा आग्रह असणाऱ्याला ते खटकेल. मला उलट त्यात बांधणाऱ्याची समज दिसते. मागच्या काठीला चीर गेली तर सायकल कुरकुरते, डुलते, माणूस उतरून बघतो. चिमटा तुटला तर उतरायलाही वेळ मिळत नाही. बांबूवर एवढं प्रेम करणारा माणूस त्या एका जागी पोलादावर नाहीतर कार्बनवर विसंबतो, आणि तसा चिमटा लावलेली फ्रेम मी जास्त आदराने बघतो.