राहणे-जेवणे मालकाकडे

परदेशी नोकरीचा विचार सुरू झालेल्या घरात पहिला प्रश्न पगाराचा असतो आणि दुसरा तिकडच्या खर्चाचा. खोलीचे भाडे किती, जेवणास किती लागते, मुलांच्या शाळेची फी किती? प्रश्न रास्त आहेत. बाप्तिस्म्याचा वा विवाहाचा दाखला मागण्यासाठी धर्मग्रामाच्या कार्यालयात येणारी मंडळी बोलता बोलता आमच्यापुढेही हा हिशेब मांडतात. नागपुरातून आखाताची वाट धरणाऱ्या परिचारिका आणि कारागीर आमच्या परिचयात पुष्कळ आहेत. ह्या हिशेबात एका वाक्याने घराचा चेहरा उजळतो. ते वाक्य म्हणजे, ‘राहणे-जेवणे मालकाकडे.’ म्हणजे खर्च शून्य, आणि पगार सगळाच्या सगळा शिल्लक! हे वाक्य खरे किती आणि महाग किती, याचा शोध भारतीय भाषांतील दोन कादंबऱ्यांनी घेतला आहे. दामोदर मावजो यांची कोंकणी ‘कार्मेलीन’ (१९८१) आणि बेन्यामीन यांची मल्याळम ‘आडुजीवितम्’ (२००८) ह्या त्या दोन कृती. परदेशाचा जमाखर्च मांडणारी पुस्तके ह्या दृष्टीने आम्ही त्यांचा येथे विचार करीत आहोत.

मराठीत परदेशवर्णनाची वाण नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली अमेरिकेच्या लोकस्थितीवर जो ग्रंथ सिद्ध केला, तो आजही वाचावा इतका साक्षेपी आहे. पुढे प्रवासवर्णनांचे उदंड पीक आले. परंतु मराठी लेखकाने परदेश पाहिला तो बहुधा प्रवाशाच्या, नाही तर तेथे स्थायिक झालेल्या सुशिक्षिताच्या डोळ्यांनी. प्रवासी घरून पैसा नेतो आणि तिकडे खर्च करतो; चाकरमानी तिकडे मिळवतो आणि घरी पाठवतो. प्रवाशाला कॉफी महाग वाटते आणि त्यावर तो एक खुसखुशीत परिच्छेद लिहितो. चाकरमानी ती कॉफी पीतच नाही. कोंकणी आणि मल्याळम समाजांची कित्येक घरे आखाती पैशावर उभी राहिली, म्हणून त्यांच्या लेखकांना ह्या दुसऱ्या माणसाकडे पाहणे भाग पडले असावे.

मावजो हे दक्षिण गोव्यातील माजोर्ड्याचे. तेथे त्यांनी किराणा-भुसाराचे दुकान चालविले. गावच्या दुकानदाराला उधारीच्या वहीतून घरे कळतात. कोणाकडे रोख आली, कोणाची बाकी थकली, कोणत्या घरात अचानक महागाचा साबण जाऊ लागला, हे त्याला सांगावे लागत नाही. ‘कार्मेलीन’ वाचताना ही नजर आम्हांस पानोपानी जाणवली. कादंबरीची नायिका गोव्यातील कॅथलिक स्त्री. पोरकेपण, दुसऱ्याच्या घरातले बालपण, व्यसनी नवरा, अपत्याचा मृत्यू, हे सारे सोसून ती कुवेतला घरकामासाठी जाते, आणि जाते ती बेलिंदा ह्या आपल्या मुलीच्या भवितव्यासाठी. मुलीसाठी मुलीला मागे ठेवावे लागते, हा ह्या कहाणीतला पहिला खर्च. तो कोणत्याही चलनात मांडता येत नाही आणि मावजोही तो मांडायला जात नाहीत. ते केवळ अंतर दाखवतात.

दुसरा खर्च त्याहून अवघड. कार्मेलीनला भाडे पडत नाही, अन्नाला पैसे पडत नाहीत, कारण ती मालकाच्याच घरात राहते. परंतु जो भाडे भरतो त्याच्या हाती खोलीची किल्ली असते. फुकट राहणाऱ्याच्या हाती ती नसते. मालकाच्या घरात तिचा देहही तिचा राहत नाही. ही गोष्ट लेखकाने ज्या संयमाने लिहिली आहे, ती आमच्या मते ह्या कादंबरीची सर्वांत मोठी कमाई. अशा स्त्रीविषयी आपल्याकडे दोनच सूर लागतात. एक ‘बिचारी’चा आणि दुसरा ‘बाटली’चा. मावजो तिसऱ्या सुरात लिहितात. तिने काय दिले आणि त्याबदल्यात घरी काय आले, हे ते शेजारी शेजारी ठेवतात आणि निवाड्याची घाई करीत नाहीत. गावाने तिच्या पैशाचा मान ठेवावा आणि तिच्याकडे मात्र डोळे बारीक करून पाहावे, ह्यातला दांभिकपणा आमच्यासारख्या धर्मगुरूंनाही टोचल्यावाचून राहणार नाही. १९८३ साली ह्या कृतीस साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आणि २०२२ सालचे ज्ञानपीठ मावजोंना लाभले, हे सर्वश्रुत आहे.

कादंबरीने जे १९८१ साली सांगितले, ते कायद्याच्या पुस्तकात यायला चौतीस वर्षे लागली. घरकामगारांचा दिवस बारा तासांहून अधिक नसावा, आठवड्याला एक सुटी असावी, वर्षाला पगारी रजा असावी, हे कुवेतने २०१५ च्या ६८ क्रमांकाच्या कायद्याने मान्य केले आणि पुढच्या वर्षी किमान वेतन साठ दिनार ठरविले. मधल्या काळात २ ऑगस्ट १९९० उजाडला. इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या, आणि सुमारे एक लाख सत्तर हजार भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी मायदेशी आणावे लागले. कित्येकांची वर्षानुवर्षांची पुंजी मागे राहिली.

‘आडुजीवितम्’मध्ये ‘राहणे-जेवणे मालकाकडे’ ह्या वाक्याचे टोकाचे रूप दिसते. नदीतली वाळू उपसून पोट भरणारा नजीब व्हिसासाठी घर आणि बायकोचे दागिने गहाण टाकतो, उसनवारी करतो आणि गरोदर पत्नीला मागे ठेवून सौदी अरेबियात उतरतो. विमानतळावर एक माणूस त्याला गाडीत घालून वाळवंटात नेतो आणि शेळ्यामेंढ्यांच्या गोठ्यावर जुंपतो. तेथे राहायला उघडे आकाश, खायला कोरडा खुबूस. पाणी पिण्यापुरते, अंग धुण्यास नाही. राहणीमानाचा खर्च अक्षरशः शून्य, आणि पगारही शून्य. तीन वर्षांहून अधिक काळ असा गेल्यावर तो निसटतो, आणि मायदेशी पाठवणी व्हावी म्हणून आपण होऊन तुरुंगाचा मार्ग धरतो. तुरुंगात मालक ओळख पटवायला येतो तेव्हा कळते की हा माणूस त्याच्या व्हिसावर नव्हताच. तसे असते तर आपण याला ओढून परत नेले असते, असे तो सांगतो! इतकी वर्षे नजीबने ज्याची चाकरी केली, त्याचा त्याच्यावर कागदोपत्रीदेखील हक्क नव्हता. ह्या एका प्रसंगासाठी बेन्यामीन यांना दाद दिली पाहिजे.

तथापि ह्या कादंबरीविषयी आमची एक तक्रार आहे. तिची लोकप्रियता अफाट आहे, २०२४ साली तिच्यावर चित्रपटही निघाला. परंतु यातना इतक्या पराकोटीच्या आहेत की वाचक हळहळतो आणि सुटतो. ‘आमचा मुलगा काही शेळ्या राखायला चाललेला नाही, त्याच्या हाती करारपत्र आहे,’ असे म्हणून तो पुस्तक मिटतो. कार्मेलीनपासून अशी सुटका नाही. तिला नोकरी मिळते, पगार मिळतो, पैसा घरी येतो. ठरल्याप्रमाणे बरेच काही होते आणि तरीही किंमत द्यावी लागते.

निघण्यापूर्वीच्या खर्चाकडे मात्र बेन्यामीन यांनी अधिक बारकाईने पाहिले आहे आणि त्यात अतिशयोक्ती मुळीच नाही. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखालील नियमांनी नोंदणीकृत एजंटाची सेवा-फी कमाल ३०,००० रुपयांवर बांधली आहे. असे असूनही २०१५ साली केरळातील एका प्रकरणात केंद्रीय अन्वेषण विभागाचा आरोप होता की, कुवेतला जाणाऱ्या परिचारिकांकडून १९,५०० रुपयांऐवजी साडेएकोणीस लाख उकळण्यात आले. त्याच वर्षी केंद्र सरकारने अशा देशांसाठी परिचारिकांची भरती सरकारी संस्थांमार्फत व्हावी असे ठरविले. नर्सिंग झालेल्या मुलींच्या आईवडिलांनी हे दोन आकडे एकाखाली एक लिहून पाहावेत.

ज्यांना स्वतःची किल्ली घेऊन, बायकामुलांसह राहायचे आहे, त्यांचा हिशेब निराळा. सौदी अरेबियाने जुलै २०१७ पासून परदेशी नोकरदाराच्या प्रत्येक अवलंबितावर दरमहा शंभर रियाल शुल्क बसविले. दरवर्षी वाढत ते जुलै २०२० मध्ये चारशेवर गेले, म्हणजे पत्नी आणि दोन मुले सोबत असल्यास वर्षाला १४,४०० रियाल. त्याच महिन्यात मूल्यवर्धित कर पाचावरून पंधरा टक्क्यांवर नेण्यात आला. ज्यांना हे पेलत नाही ते कुटुंब परत पाठवतात आणि संसाराच्या दोन चुली होतात. पगाराला दिनाराच्या वा रियालाच्या भावाने गुणण्याची आपल्याला हौस फार. भाजीलाही त्याच भावाने गुणावे लागते, हे तिकडे गेल्यावर ध्यानात येते. ह्या दोन चुलींवर अद्याप कोणी मोठी कादंबरी लिहिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. त्यात ना शेळ्या आहेत, ना अत्याचार, म्हणून विषय नाटकी वाटत नसावा.

रूथच्या पुस्तकाची येथे आठवण होते. बेथलेहेमात दुष्काळ पडला म्हणून अलीमलेख बायको आणि दोन मुलांना घेऊन मवाबात गेला. तेथे त्याला काय मिळाले, धान्याचा भाव काय होता, हे लेखक एका शब्दाने सांगत नाही. तिन्ही पुरुष तेथे वारले आणि नामी एका परदेशी सुनेसह परत आली, एवढेच तो नोंदवतो. मात्र परतल्यानंतरचा हंगाम, शेतात मागे राहिलेली कणसे, रूथने वेचून मळलेल्या जवाचे माप, हे तो सावकाश आणि तपशिलाने लिहितो.

ह्या दोहोंपैकी एकच कादंबरी वाचण्याइतकी सवड असेल, तर आम्ही ‘कार्मेलीन’ हाती देऊ, आणि तीही निघणाऱ्याच्या नव्हे, त्याला किंवा तिला निरोप देणाऱ्यांच्या हाती. निघणाऱ्याचे मन बहुधा अगोदरच ठरलेले असते आणि एजंटाला आगाऊ रक्कमही पोचलेली असते.